बरकत, दोन, तीन

…आणि त्या पट्ट्यानं अमरचं मनगट धरलं, इथवर काल आलो होतो, तेवढ्यात लाइन गेली आणि मंडळी पांगली. आता नीट बसा. धरलं म्हणजे धरलंच. विहिरीवरचं डिझेल इंजन तापून खडखडायला लागलं होतं, म्हणून अमर फिरत्या चाकावरून पट्टा उतरवायला वाकला. इंजनानं शेवटचा आचका दिला. एका फेऱ्यात हात चाकाखाली, दुसऱ्या फेऱ्यात कोपर. तिसरा फेरा झालाच नाही, कारण इंजन तिथंच जाम झालं. पंचवीस वर्षांचा गडी, पण ओरडला म्हणून नाही. बापाकडं पाहून एवढंच म्हणाला, "बाबा, बंद कर ना." आणि बंद करायला काही उरलंच नव्हतं.

बाप म्हणजे पुंडलिकराव. घाटंजीपासून दोन कोसांवर त्यांचं कपाशीचं वावर. त्या सकाळी अमर त्यांना म्हणाला होता, "बाबा, इंजनात ऑइल कमी दिसते." पुंडलिकराव म्हणाले होते, "आज पाणी सोड. लाइनचा भरवसा नाही, बोंडं सुकून राह्यली. ऑइल उद्या टाकू." हे बोलणं विहिरीवर दोघांनीच ऐकलं. त्यातला एक यवतमाळच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला; डॉक्टरांनी हात कोपराच्या वर कापला. दुसरा ते बोलणं पुरायला जागा शोधत दुसऱ्या दिवशी घाटंजीला आला. त्याला जागा सापडली ती सरदारभाईच्या यंत्रात. आणि गोष्ट आहे ती सरदारभाईची.

सरदारभाई कॉलेजात नोकरीला. प्राध्यापक नव्हे हो! भौतिकशास्त्राच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. काचेची भांडी धुणं, तारा जोडणं, पोरांना शॉक बसला की त्यांच्या कानशिलात दोन देऊन पाणी पाजणं, ही त्याची कामं. शिक्षण आठवी. पण नवीन आलेला कोणताही प्राध्यापक पहिल्या आठवड्यात शिकायचा की खोलीत काही अडलं तर पुस्तक उघडू नये, सरदारभाईला चहा सांगावा.

त्याचा बाप कापसाच्या बाजारातला मापारी. गाड्या उभ्या राहिल्या की वजनकाट्यापाशी उभं राहून मोजणी पुकारायची, ही मापाऱ्याची कामगिरी. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं मापारी 'एक' म्हणत नाही. पहिलं गाठोडं काट्यावर चढलं की म्हणायचं 'बरकत'. मग 'दोन', मग 'तीन'. एक म्हटलं की माल तिथंच आटतो, आणि बरकत म्हटलं की वाढतो, अशी समजूत. हिंदू मापारी 'लाभ' म्हणतो, हिशेब तोच. सरदारच्या बापाचा आवाज असा की 'बरकत' म्हटलं की झाडावरचे बगळे उडायचे, आणि पुढचं 'दोन' अर्धा बाजार त्याच्यासोबत म्हणायचा. शेतकरीही, हमालही, चहावालाही.

एकदा एका हमालाला वाटलं, मापाऱ्यानं एक गाठोडं खाल्लं. बोलाचाली नाही, काही नाही. गाठोडं ओढायचा लोखंडी आकडा त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणला. गाल फाटून आतले दात दिसले. सरदार तेव्हा नऊ वर्षांचा, बापाच्या सदऱ्याला धरून उभा. म्हातारा खाली बसला, फाटलेला गाल एका हातानं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं गाठोडी दाखवत पुन्हा मोजायला लागला. तोंडातून रक्त आणि शब्द एकदमच येत होते: बरकत, दोन, तीन. सत्तावीसची सत्तावीस भरली. हमाल रडायला लागला. म्हाताऱ्यानं पोराला नंतर एवढंच सांगितलं, "बेटा, गिनती चुकली की रगत येतेच. आज त्याची चुकली अन् माहं आलं." गाल शिवला गेला, पण जन्मभर हसताना तो अर्धाच हसायचा.

आता यंत्र. कॉलेजात देवराव सर म्हणून एक प्राध्यापक होते. त्यांना एकच नाद, द्रवातून आवाज किती वेगानं चालतो ते मोजायचं. पाणी, रॉकेल, स्पिरिट, बेंझीन, असले साधेसुधे द्रव. त्यासाठी जे यंत्र आलं त्याचं कागदावरचं नाव अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर. सरदारभाईनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून 'फेरोमीटर' ठेवलं आणि पुढं सरही तेच म्हणायला लागले. मुठीएवढी धातूची डबी, तिच्या तळाला स्फटिकाची चकती. वीज दिली की ती चकती सेकंदाला वीस लाख वेळा थरथरते. हा असा आवाज की माणसालाच काय, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. वरून एक पत्रा स्क्रूनं हळूहळू उचलत जायचा. आवाज खालून वर जाऊन पत्र्याला धडकतो आणि परततो. जाणारी लाट आणि येणारी लाट जिथं बरोबर जुळते, तिथं बाहेरच्या मीटरचा काटा टुणकन उडी मारतो. पत्रा आणखी उचला, काटा पडतो. आणखी उचला, पुन्हा उडी. दोन उड्यांमध्ये पत्रा किती उचलला गेला, तेवढी आवाजाची अर्धी लाट. एकच अंतर केसाइतकं, म्हणून वीस अंतरं मोजायची आणि वीसनं भागायचं. लाट कळली की वेग कळला. पाण्यात सेकंदाला पंधराशे मीटर आणि वर थोडे, डिझेलात तेराशे सत्तरच्या आसपास, रॉकेलात तेराशेच्या जवळ. प्रत्येकाची चाल वेगळी. चालीवरून माणूस ओळखावा तसा द्रव ओळखता येतो.

गावात कोणी डिवचायचं, "सरदार, तुह्या यंत्राचा आवाज म्हणे ऐकूच येत नाही?" तो म्हणायचा, "घरी ऐकू येते तेवढा पुरे हाय मले." सईदाभाभी, त्याची बायको, पडद्याआडून हे ऐकायची आणि त्या दिवशी भाजीत मीठ नसायचं. सरांनी त्याला सांगितलं होतं की पाणी तापवलं तर आवाज त्यात जास्त धावतो आणि तेल तापवलं तर मंदावतो. यानं चार दिवसांत त्याची म्हण केली: "पाण्यातला आवाज सुनेसारखा, घर तापलं की पाय उचलते. तेलातला जावयासारखा, घर तापलं की आणखीनच लोळते."

पहिल्या दिवशी सरांनी स्क्रू त्याच्या हाती दिला आणि उड्या मोजायला सांगितलं. काटा उडाला. सरदार बापाच्या थाटात ओरडला, "बरकत!" दुसरी उडी, "दोन!" वीसवर थांबला. सरांनी भागाकार केला आणि कपाळाला हात लावला. पाणी चौदाशे तेहतीस आलं. "सरदार, पहिली उडी मोजायची नाही. ती सुरुवात. तिथून पुढं पहिलं अंतर पडेल तेव्हा एक." सरदार मग म्हणाला, "म्हंजे बरकत म्हणाची, पण मोजाची नाही. ते देवाची." "असंच समज," सर हसून म्हणाले. त्या दिवसापासून त्या खोलीत मोजणी बदलली: बरकत, एक, दोन, तीन. पाणी पंधराशे नऊ आलं. पुढं बावीस वर्षं सरदारभाईनं असंच मोजलं. सरांच्या प्रबंधात जेवढे आकडे आहेत त्यांतले निम्मे त्याच्या तोंडातून निघालेले. आणि सरांनी त्याला एक नेम घालून दिला: काहीही मोजलं तरी शेवटी डबी धुऊन पाणी मोजायचं, मगच यंत्र झाकायचं. पाणी खरं आलं तर दिवसभराचं सगळं खरं.

तर ती दोन हजार सहाची दिवाळी. देवराव सर निवृत्त होऊन नागपूरला गेलेले, कॉलेजला सुट्टी, किल्ली सरदारभाईपाशी. साल कसं होतं ते सांगायला नको. कापूस रस्त्यावर पेटवून लोक त्याच्याभोवती गप्प उभे राहायचे. एसटीच्या काचा कोणी का फोडल्या, ते फोडणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. लाइन चार तास, तीही मनात येईल तेव्हा, म्हणून जो तो इंजनावर पाणी ओढायचा. पंधरा-वीस वर्षांची इंजनं, रात्रंदिवस चालवलेली, पटापट बसायला लागली. मग कोणीतरी म्हणालं, पंपावरच्या डिझेलात रॉकेल मिसळतात. कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण माणसं मारायला मान शोधत हिंडत होती, आणि ह्या बोलण्यानं त्यांना मान मिळाली.

दुपारी एकच्या सुमाराला पुंडलिकराव कॉलेजात आले. एका हातात डिझेलची कॅन, दुसऱ्या हातात अमरचा सदरा, बाही रक्तानं वाळून पापडासारखी झालेली. मागं तीस-चाळीस माणसं. कोणाच्या हातात बैलबंडीची उभारी, म्हणजे बंडीच्या कडेला उभा रोवतात तो जाड दांडा. कोणाच्या हातात कपाशीच्या झाडाची, पऱ्हाटीची, वाळकी काडी. कोणाच्या हातात लोखंडी पाना.

पुंडलिकराव आणि सरदार एका पाटीवर लिहिलेले, एका मास्तरच्या छडीखाली वाढलेले. पुंडलिकरावांनी कॅन टेबलावर आदळली.

"सरदार, मोज."

"पुंडलिक, अगोदर बस. पाणी पे. पोरगं कसं हाय?"

"पोरगं अर्धं हाय. मोज म्हणतो ना तुले!"

"सर नाहीत, कोणी नाही. मले असं मोजता येत नाही गा."

"बावीस साल काय गोट्या खेळून राह्यला होता का इथं?" मागून कोणी ओरडलं. "मोज, नाहीतर यंत्र फोडतो!"

सरदारनं सदऱ्याकडं पाहिलं. अमर लहानपणी याच टेबलावर बसून लोहचुंबकाशी खेळायचा. सरदारच्या मनातही आलं, खोटं कशाला सांगावं, की खरंच पंपवाल्यानं घात केला असेल तर सापडू दे साला. त्यानं डबी धुतली, पुसली, डिझेल भरलं. सुदैवानं म्हणा, दुर्दैवानं म्हणा, लाइन होती.

खोलीत चाळीस माणसं, श्वासांनी काचा धुरकटल्या. पुंडलिकराव त्याच्या मानेवर वाकलेले. सरदार स्क्रू फिरवायला लागला. काटा हलला, चढला, उडाला.

"बरकत," सरदार म्हणाला.

काटा पडला आणि पुन्हा उडाला. सरदारनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच चाळीस तोंडांतून एकदम आलं, "दोन!"

कापूसवाले हो सगळे. जन्मल्यापासून बरकतनंतर दोनच ऐकलेलं. सरदारच्या जिभेवर 'एक' होता तो तसाच विरघळला आणि त्याच्या घशातून बापाचा आवाज निघाला. "तीन!" खोली म्हणाली, "चार!" स्क्रू फिरतोय, काटा उडतोय, दांडे जमिनीवर आपटतायत, आणि बाजार भरावा तशी मोजणी चाललीय. "अठरा! एकोणीस! वीस!"

त्यानं अंतर वाचलं, वीसनं भागलं, पुढचा गुणाकार केला. तेराशे एक. भिंतीवर सरांच्या हातचा तक्ता होता, त्यात बोट फिरवलं. डिझेल, तेराशे सत्तर. रॉकेल, तेराशे. बोट तिथं थांबलं आणि चाळीस जणांनी पाहिलं.

"काय हाय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"रॉकेलच दिसते," सरदार म्हणाला.

पुंडलिकरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. पोराचा हात गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या माणसाच्या छातीवरचा धोंडा कोणी उचलला होता. त्यांनी सरदारचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू वाचवलं मले," म्हणाले. आणि माणसं निघाली. जिना उतरताना दांडे कठड्यावर आपटत गेले.

सरदार एकटा राहिला. त्यानं नेमाप्रमाणे डबी धुतली, पाणी भरलं, पाणी मोजलं.

चौदाशे तेहतीस.

त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. वायरी पाहिल्या. तापमान पाहिलं. पुन्हा पाणी बदललं, पुन्हा स्क्रू धरला. काटा उडाला. "बरकत," तो म्हणाला. काटा उडाला. "दोन," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज रिकाम्या खोलीत त्याच्या कानावर पडला.

चौदाशे तेहतीस म्हणजे तोच आकडा, बावीस वर्षांपूर्वी सरांनी कपाळाला हात लावला होता तो.

त्यानं कॅनमधलं डिझेल पुन्हा भरलं. बरकत, एक, दोन, तीन. तेराशे सत्तर. निखळ, निर्भेळ, आईच्या दुधासारखं डिझेल.

यंत्र न झाकता, दार न लावता सरदारभाई पळाला. वय बावन्न, पायात स्लीपर. एक जिन्यात राहिली, दुसरी फाटकात. पंप गावाबाहेर, अर्धा कोस. अर्ध्या वाटेवरच त्याला काचा फुटल्याचा आवाज आला.

पंपावर देवसिंग कामाला होता. तांड्यावरचा तिशीतला गडी, डिझेल टाकणारा. मालक गावातच नव्हता. जो हाती लागला तो देवसिंग. त्याला खांबाला बांधून पऱ्हाट्यांनी झोडत होते. वाळकी पऱ्हाटी लागते कशी ते ज्यानं खाल्ली त्याला विचारा. काठीसारखी उमटत नाही, कातडं सोलत जाते. पाठ उघडी पडून लाल झाली होती. एकानं पान्यानं जबड्यावर हाणलं, दात ओठातून बाहेर आले. देवसिंग आधी शिव्या देत होता, मग हात जोडत होता, मग नुसता "याडी, याडी" म्हणून आईला हाका मारत होता. दोघांनी त्याचं डोकं मागं ओढलं आणि पंपाची नळी तोंडात कोंबली. "पी! तुह्यंच रॉकेल पी!" डिझेल नाकातून, डोळ्यांतून वाहायला लागलं. छातीचा भाता फुटेस्तोवर खोकला. कोणीतरी काडेपेटी मागितली. पेट्रोलच्या टाकीवर उभे राहून काडेपेटी मागत होते, राजेहो! गाव उडालं असतं. पण त्या वेळी कोणाला कसलं गाव.

आणि समोर पुंडलिकराव, दोन्ही हातांत उभारी. डोक्यावर उचललेली.

सरदार मधे घुसला. देवसिंगच्या अंगावर अंग टाकलं. "थांबा! डिझेल खरं हाय!"

"सरक, सरदार."

"माही चूक झाली, पुंडलिक! डिझेल खरं हाय!"

"भ्याला आता. सरक म्हणतो ना!"

उभारी खाली आली ती सरदारच्या उजव्या कानावर. आत काहीतरी फुटलं. सगळी बोंबाबोंब एका बाजूनं एकदम बंद पडली, जशी लाइन जाते तशी. कानातून गरम धार मानेवर आली. तो गुडघ्यावर पडला, पण देवसिंगला सोडलं नाही. दुसरा तडाखा पाठीत बसला, तिसरा खांद्यावर, हे दुसऱ्यांचे. तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवून काढलेलं नव्हतं.

"पुंडलिक, मी बरकत मोजली!"

दांडे वरच्या वर थांबले. मारामारीत दयेची भीक कोणी ऐकत नाही, पण मोजणीतली चूक ऐकल्यावर कापूसवाल्याचा हात थांबतोच.

"बरकत त मोजाचीच असते ना बे!" गर्दीतून एक जण म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे.

"कापसात मोजाची. याच्यात नाही." सरदारनं हात वर केला. हाताला देवसिंगचं रक्त, स्वतःचं रक्त आणि डिझेल. पाची बोटं फाकवली. "पुंडलिक, बोटं किती?"

पुंडलिकराव उभारी धरून उभे. छाती भात्यासारखी.

"सांग ना! बोटं किती?"

"पाच."

"फटी किती?"

पुंडलिकरावांनी पाहिलं. ओठ हलले. रक्ताचा एक थेंब मधल्या फटीतून खाली पडला.

"चार."

"आवाज फटीतून चालते, पुंडलिक. मी तुले बोटं मोजून देल्ली. वीस उड्या मोजल्या, अन् फटी होत्या एकोणीस. पाणी मोजलं, तेबी खोटं आलं. मंग मी अखीन डिझेल मोजलं. आपल्या विहिरीच्या पाण्याइतकं खरं हाय ते."

देवसिंग खोकत होता, तेवढाच आवाज.

"मंग माह्या पोराचा हात कायनं गेला?" पुंडलिकरावांनी विचारलं. विचारलं सरदारला, पण पाहत होते उभारीकडं. त्याला तेव्हा अर्धंच ऐकू येत होतं. उत्तर पुंडलिकरावांनाच ठाऊक होतं, आणि आता पुरायला जागा उरली नव्हती. "तो म्हणे ऑइल टाकू," ते म्हणाले, "अन् मीच म्हटलं, उद्या." उभारी हातातून पडली. मग ते खाली बसले, जसा बाजारात त्या दिवशी सरदारचा बाप बसला होता तसे, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झोडायला लागले. इतकं की ज्यांनी देवसिंगला धरलं होतं त्यांनाच आता त्यांना धरावं लागलं.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. देवसिंग वाचला. तीन फासळ्या, जबडा आणि दोन महिने गेले, पण वाचला, आणि पुढच्या सालच्या पाडव्याला पुन्हा पंपावर उभा राहिला. अमर एका हातानं ट्रॅक्टर चालवायला शिकला आणि नांगरताना दोन हातवाल्यांपेक्षा सरळ चास काढतो. सरदारभाईचा उजवा कान गेला तो गेलाच. रिटायर होईपर्यंत त्यानं फेरोमीटर चालवलं. पोरं विचारायची, "चाचा, बहिऱ्या कानानं आवाज कसा मोजता?" तो म्हणायचा, "हा आवाज तुमाले तरी कुठं ऐकू येते? आपून सारखेच." फक्त एक बदललं: त्यानंतर त्याच्या खोलीत मोजणी चालू असताना दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची परवानगी नव्हती. प्राचार्य आले तरी.

पण गोष्टीचा शेवट ह्यात नाही. शेवट आहे घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी.

सरदारभाई खाटेवर, डोक्याला पट्ट्या. शेजारच्या खाटेवर देवसिंग, जबडा बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्याच्या उशाशी त्याची बायको रुपीबाई, कालपासून पाण्याचा घोट न घेतलेली. दारात पुंडलिकराव, आत यायची हिंमत नाही आणि जायचीही नाही. पोलीस जमादार बयान लिहायला आले. पंपावर चाळीस माणसं होती आणि सकाळपासून चाळीस जणांनी सांगितलं होतं की आपण नुसते पाहत होतो. देवसिंगच्या डोळ्यांत पहिल्या तडाख्यालाच रक्त उतरलेलं, त्याला पहिला कोण ते दिसलं नव्हतं. म्हणून, पहिला तडाखा पडला तेव्हा सरदार वाटेतच होता तरी, सगळं त्याच्यावर आलं.

रुपीबाई म्हणाली, "चाचा, तुमी वाचवलं माह्या माणसाले. आता खरं सांगा. कोणी चालू केलं हे?"

सरदारनं डावा कान तिच्याकडं केला, तिचं पुरतं ऐकून घेतलं. सईदाभाभीनं खालून त्याचा हात दाबला, बोलू नको म्हणून. जमादारांनी पेनचं टोपण काढलं.

"बोला सरदारभाई," ते जोरात म्हणाले, बहिऱ्याशी बोलतात तसं, "पहिली काठी कोणी मारली?"

सरदारनं दाराकडं पाहिलं. पुंडलिकरावांनी मान खाली घातली नव्हती. ते वाट पाहत होते. मग तो रुपीबाईकडं वळला आणि उत्तर तिला दिलं, जमादारांना नाही. जमादारांनी लिहून घेतलं ते शब्दन् शब्द असं:

"लिवा साहेब. बरकत माही. कॉलेजात बसून, वीसपरेंत मोजून, मी तोंडानं मारली. याच्या अंगावर ते अर्ध्या कोसावरून येऊन पडली. दोन कोणाची, तीन कोणाची, ते ज्याच्या त्यानं इथं येऊन आपल्या तोंडानं सांगावं, मी कोणाचं नाव घेत नाही. पण बरकत सोडून पुढची मोजणी लिवू नका. इथं ते मोजाचीच असते."